जॉबर, दस्तुरी आणि खाडा : मुंबईच्या गिरण्यांतील मोबदल्याचे अर्थकारण

मुंबईच्या कापड गिरण्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले ते मुख्यतः दोन बाजूंनी. एका बाजूला गिरण्या उभारणाऱ्या शेठ मंडळींची चरित्रे आहेत, दुसऱ्या बाजूला संपांचा, पुढाऱ्यांचा आणि युनियनांचा इतिहास आहे. चाळीतले जगणे कथा-कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी सांगितले. या सगळ्यांत गिरणीच्या आतला रोजचा व्यवहार मात्र मागे राहिला. माणसाला कामावर घेत होते कोण? पगार कोणत्या तारखेला होई? तागा खराब निघाला तर पैसे कोणाचे कापले जात? एक दिवस खाडा झाला तर साच्यावर कोण उभा राही, आणि ते ठरवीत होते कोण? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण दीड लाख माणसे ज्या धंद्यावर पोट भरत होती, त्या धंद्याचे बरेवाईट या किरकोळ प्रश्नांच्या उत्तरांनीच ठरले, असे या लेखात मांडायचे आहे.

इंदूर, वडोदरा, ग्वाल्हेर येथील वाचकांना गिरणीचा भोंगा नवा नाही. तरीही उदाहरण म्हणून मुंबईच घेतली आहे. तिथले अहवाल, चौकशी समित्यांच्या साक्षी आणि आकडे सर्वांत विपुल आहेत, आणि तिथला श्रमिक बहुसंख्येने रत्नागिरी-साताऱ्याचा, मराठी बोलणारा होता.

मालक काय विकत घेतो?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीत सूत निघू लागले. तेव्हापासून गिरणीवाल्यांची एक तक्रार कायम राहिली : यंत्रे लँकेशायरसारखी आहेत, पण त्यांवर माणसे मात्र दुप्पट-तिप्पट लागतात. माणूस जागेवर नसतो, पाणी प्यायला जातो तो बिडी ओढून येतो, पगार झाला की खाडा करतो, सुगीला आणि शिमग्याला गावी जातो. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाच्या अहवालातही या रेंगाळण्याचे वर्णन आहे. त्या वर्णनातून ‘हिंदी कामगार स्वभावतः आळशी’ हा समज रूढ झाला आणि पुढे कितीतरी वर्षे तो पुराव्यासारखा वापरला गेला.

गेल्या पन्नासेक वर्षांत अर्थशास्त्राची एक शाखा या प्रश्नाकडे वेगळ्या रीतीने पाहू लागली आहे. एडवर्ड लॅझिअर हे तिचे एक आद्य प्रवर्तक. तिला कर्मचारी-अर्थशास्त्र म्हणता येईल. स्वभावाचा प्रश्न ही शाखा शेवटी घेते. ती आधी विचारते : या माणसाला पैसे कशाचे मिळतात? त्याचे काम कोणाला दिसते? त्याने जास्त मेहनत केली तर जास्तीचे फळ कोणाच्या पदरात पडते, आणि नुकसान झाले तर ते कोण सोसतो?

मालक कामगाराचा वेळ विकत घेतो, पण त्याला हवे असते लक्ष. धागा तुटला की तत्काळ सांधणे, चाती रिकामी फिरू न देणे, यंत्रात कचरा साचू न देणे, या गोष्टी घड्याळात मोजता येत नाहीत. वेळ मोजता येतो, लक्ष मोजता येत नाही. या दोहोंतले अंतर कसे भरून काढायचे हाच व्यवस्थापनाचा खरा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे आल्यावर काही गिरण्या तेरा-चौदा तास चालू लागल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. चौदा तास अखंड लक्ष देणे माणसाला शक्य नाही. रजा नाही, नीट विश्रांती नाही, आणि पगार तर तासांचा. अशा ठिकाणी कामगार आपली विश्रांती आपणच काढून घेतो. मालकांनी जिला आळस म्हटले तिचा बराच भाग या हिशेबात बसतो.

हा न्याय वरच्या मजल्यालाही लावून पाहावा. मुंबईच्या गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे. आरंभीच्या काळात त्यांचे कमिशन पुष्कळदा उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेले असे. एका पौंड सुतामागे पाव आणा हा दर प्रसिद्ध आहे. गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघाले की एजंटाचा पाव आणा सुटला. बाजार मंदा असतानाही चात्या फिरत्या ठेवण्यात एजंटाचा फायदा आणि भागधारकांचा तोटा होता. नफ्यावर दहा टक्के कमिशन ही पद्धत पुढे हळूहळू आली. एजंटाने आपल्या कमिशनाकडे पाहून निर्णय घेतले म्हणून त्याला कोणी आळशी किंवा अप्रामाणिक जातीचा म्हटले नाही. तो आपला हिशेब पाहतो एवढेच म्हटले गेले. कामगारही आपला हिशेबच पाहत होता.

जॉबर

गिरणीतले वरचे तंत्रज्ञ बरेचसे लँकेशायरहून आलेले किंवा पारशी असत. विव्हिंग मास्तराला मराठी येत नसे आणि साचेवाल्याला इंग्रजी. शेकडो माणसे कुठून आणायची, त्यांना शिकवायचे कोणी, यंत्र अडले तर सुरू कोणी करायचे, दांडी मारली तर शोधायचे कुठे? या सगळ्या प्रश्नांना मालकांनी एकच उत्तर काढले : जॉबर.

जॉबर कामगारांतूनच वर चढलेला असे. तो माणसे भरती करी, त्यांच्यावर देखरेख ठेवी, यंत्राची किरकोळ दुरुस्ती करी, नवख्याला काम शिकवी. गिरणीबाहेरही त्याचे राज्य चाले. गावाकडून आलेल्याला खोलीत जागा मिळवून देणे, खानावळीत शब्द टाकणे, वाण्याकडे खाते उघडून देणे, सावकाराला जामीन राहणे, हे सारे तोच करी. बायका जिथे काम करीत त्या नळ्या भरण्याच्या आणि लडी गुंडाळण्याच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. जॉबराच्या हातात दोन किल्ल्या होत्या : कामावर घेणे आणि कामावरून काढणे. या दोन्ही किल्ल्यांचे भाडे म्हणजे दस्तुरी. नोकरी लागताना एकदा द्यायची, आणि पुष्कळ ठिकाणी नोकरी टिकवण्यासाठी पगारागणिक द्यायची.

मालकाच्या दृष्टीने ही सोय स्वस्त होती. भरती खाते, शिक्षण खाते, तक्रार खाते आणि देखरेख असे सारे एका माणसाच्या पगारात होत होते. त्या माणसाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा तर कामगारच भरीत होते. पण जो खर्च वहीत दिसत नाही तो नाहीसा होत नाही. जॉबराची आणि गिरणीची गरज एक होती का, हे तपासून पाहा. गिरणीला हवे होते की माणूस टिकावा, हात बसावा, त्याच यंत्रावर वर्षानुवर्षे राहावा. जॉबराला दस्तुरी मिळायची नव्या माणसाकडून. माणूस गेला आणि नवा आला की जॉबराची प्राप्ती. माणसे टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मालकाने माणसे टिकवण्याचे काम अशा माणसाकडे सोपवले होते की ज्याला माणसे न टिकण्यातच लाभ होता.

जॉबर म्हणजे निव्वळ खलनायक असे मात्र समजू नये. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की जॉबराची सत्ता वाटते तितकी निरंकुश नव्हती. त्याच्यामागे माणसे असली तरच मालकाच्या लेखी त्याची किंमत. गावचे, नात्याचे, वाडीचे लोक त्याच्यावर अवलंबून असत तसा तोही त्यांच्यावर असे. माणसांनी पाठ फिरवली तर दुसरा जॉबर तयारच असे. म्हणूनच कित्येक संपांत जॉबर मालकाच्या बाजूने दिसतात आणि कित्येक संपांत कामगारांच्या. दोन्ही बाजूंना ज्याची गरज आहे अशा मध्यस्थाचे हे नेहमीचे लक्षण होय.

बेकारीचा धाक कोणाच्या कामी आला?

कार्ल शपिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा : काम सतत पाहता येत नसेल, तर कामगार मन लावून काम करतो ते नोकरी गमावण्याच्या भीतीने. ही भीती दोन कारणांनी असते. एक, इथला पगार इतर ठिकाणांहून बरा आहे. दोन, बाहेर बेकारी आहे आणि दुसरी नोकरी सहज मिळणार नाही.

मुंबईत दुसरे कारण भरपूर होते. सकाळी भोंगा होण्यापूर्वी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांची गर्दी जमे. कायम कामगारांपैकी जे आले नसतील त्यांच्या जागी त्या दिवसापुरते यांतून घेतले जाई. सिद्धांत जसाच्या तसा लावला तर मुंबईचा गिरणी कामगार धाकाने अतिशय नियमित असायला हवा होता. प्रत्यक्षात खाडे भरपूर. मग सिद्धांत चुकला काय?

सिद्धांत बरोबर आहे, पण मुंबईत धाकाची दोरी गिरणीच्या हातात नव्हती. दारातल्या गर्दीतून कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी. आपला माणूस गावाहून महिन्याभराने परतला तरी जॉबर त्याला पुन्हा जागा देई. एका गिरणीतून काढलेला माणूस ओळखीने दुसऱ्या गिरणीत लागे. ज्याने जॉबराची मर्जी राखली त्याला कामचुकारपणाची फारशी भीती नव्हती, आणि ज्याची मर्जी गेली त्याला उत्तम कामाचाही आधार नव्हता. बाहेरच्या बेकारीने माणसाला नियमित केले खरे, पण ते जॉबराला सलाम करण्यात. बेकारीचा धाक होता, त्याचे व्याज मात्र मध्यस्थ खात होता.

बदलीवाल्यांचा तांडा जितका मोठा तितके जॉबराचे वजन अधिक. म्हणून कायम माणसाचा खाडा हा जॉबरालाही अगदीच नको असलेला प्रकार नव्हता. आपल्या बदलीवाल्यांना महिन्यातून काही दिवस तरी काम द्यावे लागे, नाहीतर ते दुसरीकडे जात. मालकांच्या कागदावर जो ‘खाडा’ होता तो कामगाराची एकमेव रजा होती, बदलीवाल्याची भाकरी होती आणि जॉबराची सत्ता होती. एका शब्दात तिघांचे हितसंबंध गुंतले असताना तो उपदेशाने किंवा दंडाने कमी होणे शक्य नव्हते.

अडकवलेला पगार

नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. मालकांनी ती जून १८९० मध्ये मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीला आधार मिळाला. दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणीही होती. पण त्याच अर्जातल्या एका मागणीकडे फारसे लक्ष जात नाही : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

ही मागणी करावी लागली याचा अर्थ पगार १५ तारखेनंतरही होत असे. म्हणजे एक तारखेला केलेल्या कामाचे पैसे दीड महिन्याने हातात. मालकांच्या दृष्टीने याचे कारण उघड होते. माणूस न सांगता निघून गेला तर थकलेला पगार जप्त करता येई. पंधरा दिवस, महिना इतका पगार गिरणीकडे अडकून राहिला की कामगाराला पाय काढणे जड जाई. अर्थशास्त्रात याला एक प्रकारची अनामतच म्हणतात.

या अनामतीचा कामगाराच्या घरचा खर्च काढून पाहू. त्या काळी मुंबईत गिरणी कामगाराला मिळणाऱ्या कर्जाचा सर्वसाधारण दर रुपयामागे महिन्याला एक आणा असा नोंदला गेला आहे. वर्षाचे बारा आणे, म्हणजे शेकडा ७५. समजा पगार ३० रुपये आहे आणि तो पंधरा दिवस उशिरा मिळतो. तेवढे दिवस ३० रुपयांचा संसार उधारीवर चालवायचा तर पंधरा दिवसांचे व्याज १५ आणे. हा खर्च एकदाच होत नाही. तो दर महिन्याला होतो, कारण माणूस कायम पंधरा दिवस मागेच असतो. ३० रुपयांत १५ आणे म्हणजे शेकडा तीनहून अधिक पगारकपात. ही कपात गिरणीच्या कोणत्याही वहीत नाही. ती वाण्याच्या आणि पठाणाच्या वहीत आहे. गिरणीला मात्र बिनव्याजी भांडवल मिळत राहिले.

लॅझिअर यांनी १९७९ च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले की उशिरा दिलेला मोबदला माणसाला टिकवून ठेवू शकतो. तरुणपणी थोडे कमी आणि पुढे थोडे अधिक, अशी चढती मांडणी असली की माणूस नोकरी जपतो. पण त्यासाठी एक अट असते : पुढे मिळेल यावर त्याचा विश्वास हवा. मुंबईच्या थकीत पगारात पुढचे अधिक काही नव्हते. स्वतःचेच पैसे उशिरा मिळत. त्यामुळे पगाराच्या दिवसापर्यंत माणूस बांधलेला राही आणि पैसे हाती पडताच गावची वाट धरी. अनामत सुटली की बंधनही सुटले.

लोखंड्यांच्या या मागणीला देशभरचा कायदा मिळाला तो १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने. हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यात सातव्या दिवसाच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे असे ठरले. दंडही रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक नको असे बंधन आले. १८८४ ते १९३६, बावन्न वर्षे. ज्याने तरुणपणी त्या अर्जावर अंगठा उठवला त्याचा नातू तोवर साच्यावर उभा असेल.

साचे, तागे आणि जोखीम

विणकाम खात्यात पगार तुकड्यावर, म्हणजे निघालेल्या कापडावर होई. वरवर पाहता हा सर्वांत न्याय्य मार्ग. जास्त विणेल त्याला जास्त. देखरेखीची फारशी गरज नाही, कारण प्रत्येकजण स्वतःच स्वतःचा मुकादम. मोटारींच्या काचा बसवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने तासाचा पगार सोडून नगावर पगार सुरू केला तेव्हा दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढले, असे लॅझिअर यांनीच पुढे दाखवले. मग मुंबईच्या साचेखात्यात तक्रारी एवढ्या का?

कारण कापड किती निघेल हे केवळ विणकराच्या हातात नव्हते. गिरणीने कापसाचे मिश्रण हलके वापरले की सूत कमजोर येई आणि धागा वारंवार तुटे. तुटलेला धागा सांधेपर्यंत साचा बंद, आणि साचा बंद म्हणजे विणकराची मिळकत बंद. मिश्रणात बचत गिरणीने केली, तिची किंमत विणकराने दिली. सूत वेळेवर आले नाही, साचा जुना आहे, मालाला उठाव नाही म्हणून साचे थांबवले, या सर्व वेळी हेच. वर, तागा खराब निघाला तर तो विणकराच्या माथी मारून त्याचे पैसे पगारातून कापण्याची रीत होती. डागाचे कापड घेऊन तो बाजारात जाई आणि मिळेल त्या भावाने विकी.

जोखमीविषयी अर्थशास्त्राचा साधा नियम आहे : ज्याच्या हातात नियंत्रण आहे आणि जो ती सोसू शकतो त्याच्यावर जोखीम टाकावी. मिश्रण ठरवणारी गिरणी, ते सोसण्याची ऐपत असलेलीही गिरणी, पण जोखीम विणकरावर. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. कामाची अनेक अंगे असतील आणि त्यांतले एकच मोजून मोबदला दिला, तर माणूस तेवढेच अंग सांभाळतो आणि बाकीची सोडून देतो. कापडाचे वजन मोजले तर वीण बिघडते, यंत्राची निगा राहत नाही. विणीसाठी तागा माथी मारण्याची शिक्षा आली ती या दोषावरचा उतारा म्हणून. पण दोष विणकराच्या हाताचा की सुताचा हे ठरवणारा न्यायाधीश गिरणीचाच पगारी होता. अशा शिक्षेने वीण सुधारत नाही, मन मात्र बिघडते.

नागपूरचा वेगळा हिशेब

त्याच काळात मुंबईपासून दूर नागपूरला जमशेटजी टाटांनी वेगळा प्रयोग केला. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूरला हात बसलेल्या गिरणी कामगारांचा साठा नव्हता. दारात बदलीवाल्यांची गर्दी नव्हती. माणूस गेला तर दुसरा शिकवून तयार करावा लागे, म्हणजे माणूस जाण्याचा खर्च इथे मालकाला स्पष्ट दिसत होता. १८८६ मध्ये तिथे निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. ही भरपाई कायद्याने देशभर आली ती १९२३ मध्ये. हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली गेली. त्यांनी माणसाला बरे वाटे आणि धागाही कमी तुटे.

या गोष्टी केवळ दानत म्हणून सांगितल्या जातात. दानत असेलही, पण तिला हिशेबाचा आधार होता. निवृत्तिवेतन हा खरा ‘पुढचा मोबदला’ आहे. जो टिकेल त्याला मिळेल. थकीत पगार आणि निवृत्तिनिधी दोन्ही माणसाला बांधून ठेवतात, पण पहिला त्याचेच अडकवून बांधतो आणि दुसरा त्याला अधिक देऊन बांधतो. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलरचा दिवस जाहीर केला तोही असाच हिशेब होता. आदल्या वर्षी त्यांच्या कारखान्यात माणसे सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते. एका जागेसाठी वर्षात जवळजवळ चार माणसे भरावी लागत. मजुरी दुप्पट करणे त्यापेक्षा परवडले.

नागपूर म्हणजे रामराज्य होते असे नव्हे. याच एम्प्रेस मिलमध्ये १८७७ साली मजुरीच्या दरावरून झालेला संप देशातल्या आरंभीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक आहे. पण माणूस गमावण्याचा खर्च ज्याला दिसतो तो मालक वेगळा वागतो, हे नागपूरने दाखवले. मुंबईत तो खर्च जॉबराच्या मागे झाकलेला होता.

बोनस आणि तीन साचे

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांना भरघोस नफा झाला. युद्धानंतर काही वर्षे मुंबईच्या गिरणीवाल्यांनी कामगारांना सालाअखेर एक पगार बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही आणि १९२३ सालचा ताळेबंद पाहता तो नाकारणे समर्थनीय आहे. कायद्याच्या भाषेत निर्णय बिनचूक असेल. पण चार-पाच वर्षे सलग मिळालेला पैसा घरातल्या माणसाच्या हिशेबात बक्षीस राहत नाही. त्यावर दिवाळी उभी राहते, देणे फेडले जाते. तो काढून घेणे म्हणजे पगार कापणेच. दिलेले न देण्याचा राग हा कधीच न दिल्याच्या रागापेक्षा मोठा असतो. हे ओळखायला अर्थशास्त्राला बराच वेळ लागला. कोणत्याही सासुरवाशिणीला ते आधीच ठाऊक होते.

१९२८ चा प्रश्न अधिक खोल होता. जपानी मालाच्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, एका विणकराने दोनऐवजी तीन साचे आणि सूतखात्यातल्या सायडरने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात अशी पद्धत आणली. मजुरीही काही वाढणार होती. उत्पादकतेच्या दृष्टीने हे योग्य दिशेचे पाऊल होते. तरी २६ एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या.

कामगार प्रगतीला विरोध करीत होता, असे म्हणून भागत नाही. त्याच्या बाजूने विचार करा. दोन माणसांनी मिळून सहा साचे चालवले की तिसरा माणूस घरी जाणार. तो तिसरा कोण हे ठरवणार जॉबर. शिवाय आज तीन साचे पेलून दाखवले तर उद्या दर उतरवून चार मागणार नाहीत याची हमी काय? माणसाने आपली ताकद दाखवली की मोजमापाचा काटा वर सरकतो आणि पुन्हा खाली येत नाही, हा अनुभव जगभरच्या तुकड्यावर काम करणाऱ्यांचा आहे. म्हणून ते आपसांत ठरवून हात आखडतात. जास्त काम हे कामगाराकडून मालकाला दिलेले कर्ज असते. ते फेडले जाईल असा विश्वास नसेल तर ते कोणी देत नाही. पाऊण शतक पगार अडकवून, तागे माथी मारून आणि भरती जॉबराच्या हाती ठेवून मुंबईच्या गिरण्यांनी तो विश्वास जमा केला नव्हता. गरज पडली तेव्हा खात्यावर शिल्लक नव्हती.

पुढे काय झाले

१९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने जॉबराच्या हातातून भरती काढून घ्यावी आणि गिरणीत लेबर ऑफिसर नेमावा अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या मालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. महिन्याच्या आरंभी ठरावीक बदलीवाल्यांना कार्ड द्यायचे आणि रिकाम्या जागी त्यांतूनच घ्यायचे. दिशा बरोबर होती. पण अर्धशतकाहून अधिक काळ ज्या खांबावर घर उभे होते तो खांब कागदाने हलत नाही. जॉबर मागे सरकत गेला तरी ‘बदली’ राहिलाच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करावे ही मागणी होतीच. ताडदेवला पहिले सूत निघाल्याला तोवर सव्वाशे वर्षे होऊन गेली होती.

मुंबईच्या गिरण्या बुडाल्या त्याची कारणे अनेक आहेत : यंत्रमाग, जुनी यंत्रे, सरकारी धोरण, जमिनीचे भाव. एका जॉबराच्या डोक्यावर सारे खापर फोडणे अन्यायाचे होईल. मात्र ‘कामगार आळशी होता’ या वाक्यावर हा इतिहास मिटवणे त्याहून अन्यायाचे आहे. पुराव्यातून दिसते ते असे की मालकांनी माणसांचा कारभार स्वतः पाहण्याऐवजी भाड्याने दिला, आणि त्या भाडेकराराची किंमत आधी कामगारांनी आणि मग धंद्याने चुकवली.

आज तुमच्या शहरातला नवा कारखाना, इस्पितळ किंवा नगरपालिका पाहा. झाडूवाल्यापासून पहारेकऱ्यापर्यंत माणसे ठेकेदाराची असतात. पगार ठेकेदाराच्या हातून, हजेरी त्याच्या वहीत, कामावरून काढणे त्याच्या मर्जीवर. माणसे टिकत नाहीत, काम मनापासून करीत नाहीत, अशी कार्यालयांची तक्रार असते. ती ऐकू आली की त्यांच्या स्वभावाविषयी मत बनवण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. पगार कोणत्या तारखेला होतो? नोकरी लागताना कोणाला काय द्यावे लागले? माणूस सोडून गेला तर तोटा कोणाचा आणि फायदा कोणाचा? लोखंड्यांनी १८८४ मध्ये पगाराची तारीख मागितली होती. आजही अनेक ठिकाणी विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.